उलट्या बाजूचं घर

मास्तरांना आधी माप दिसायचं, मग माणूस. रस्त्यानं कुणी समोरून आलं की पहिल्यांदा खांदे, मग छाती, मग कंबर; नजर चेहऱ्यापर्यंत पोचेस्तोवर माणूस पुढं निघून गेलेला असायचा. होणाऱ्या सासऱ्यांना पहिल्याच भेटीत ते म्हणाले होते, "तुमचा उजवा खांदा अर्धा इंच उतरलाय." सासरे उठले, आरशासमोर जाऊन उभे राहिले, डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं आणि म्हणाले, "पन्नास वर्षांत मला हे कुणी सांगितलं नाही. पोरगा खोटं बोलायचा नाही." सोयरीक तिथंच जमली.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. कापड कापणारे. शिवणारे दहा मिळतात, पण दुकानात कापणारा एकच असतो, कारण चुकलेली शिवण उसवता येते, चुकून कापलेलं काही केल्या जुळत नाही. मास्तरांची कात्री हातभर लांब, काळ्या दांड्याची. तिला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. तिनं कागद कापायचा नाही. आणि दोरी तर नाहीच नाही, दोरीनं धार मरते. बायको म्हणायची, "मला सवत आणली नाहीत हे खरं, पण ही काय कमी आहे?"

बायको काज-बटण आणि तुरपाई करायची, घरीच, पायमशीनवर. थोरली मुलगी पाच वर्षांची, किडकिडीत आणि बोलायला टोचणारी, म्हणून तिचं नाव पडलं टाचणी. धाकटा आठ महिन्यांचा. तो गोल, आणि ठेवला तिथं कधी न सापडणारा, म्हणून बटण. खरी नावं दोघांनाही होती, पण ती लसीकरणाच्या कार्डापुरती.

या टाचणीची एक वाट होती.

जुन्या घराच्या दोन खोल्या. आतल्या खोलीत खाट, बाहेरच्या खोलीत खिडकीशी मशीन आणि कोपऱ्यात मास्तरांचं जुनं कापायचं टेबल. सकाळी उजेड पातळ ताकासारखा खिडकीतून आत यायला लागला की बायको मशीनवर बसायची. खट-खट-खट सुरू झालं की खाटेवर टाचणी उठायची. डोळे मिटलेलेच. खाली उतरायची, उजवा हात भिंतीला लावायची आणि चालू लागायची. भिंतीनंतर पेटीचं गार कुलूप. कुलपानंतर दाराची चौकट. चौकटीला हात लागला की उजवीकडं वळायचं, आवाजाच्या बाजूनं सात पावलं, मग वाकायचं आणि टेबलाखालच्या कातरणाच्या ढिगात शिरायचं. तिथं ती आणखी तासभर झोपायची. तिला विचारलं तर ती म्हणे, "मी कुठं चालते? मला घर नेतं."

मास्तर त्या वेळी चहा पीत बसलेले असायचे. ती उंबऱ्याशी आली की कप खाली ठेवतानाही आवाज होऊ द्यायचे नाहीत. आदल्या दिवशीचं कातरण ते रात्रीच लावून ठेवत, जाड कापड खाली, मलमल वर. हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही. बायकोला माहीत होतं. तिनंही कधी सांगितलं नाही की माहीत आहे.

मग दुकान बंद झालं. मालकाच्या मुलांना तिथं मोबाइल विकायचे होते. मास्तरांबरोबर पूर्वी काम केलेला एक इस्त्रीवाला दुसऱ्या राज्यातल्या एका शहरात गेला होता. त्याचा फोन आला की इथं गणवेशाचा कारखाना आहे, एका वेळी साठ थर कापतात, आणि यांचा कापणारा थरथरत्या हाताचा झालाय. "या मास्तर, इथं भाषा वेगळी आहे, पण कापड तेच आहे."

बायकोच्या भावाची मालवाहू गाडी होती. त्यात खाट, पेटी, टेबल, पाण्याचं पिंप चढलं. मशीन बायकोनं स्वतः गोणपाटात गुंडाळलं आणि सुंभाच्या दोरीनं असं आवळलं की भाऊ म्हणाला, "ताई, मशीन आहे, चोर नाही." शेवटी मास्तरांनी एक फुगलेलं पोतं आणून गाडीत टाकलं.

"ह्यात काय आहे, दाजी?"

"कातरण."

"चिंध्या?" मेव्हणा कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "दाजी, लोक दुसऱ्या राज्यात सोनंनाणं नेतात. चिंध्या नेणारा पहिला माणूस बघितला."

"तुझ्या गाडीला जड होतंय का? चल, दोर आवळ."

दीड दिवस गाडी चालली. रस्ता कापडाच्या ताग्यासारखा उलगडत गेला आणि मागं गुंडाळत गेला. मधेच कुठंतरी पाट्यांवरची अक्षरं बदलली. आधी ती अनोळखी वाटली, मग नक्षीसारखी, आणि मग मास्तरांना डुलकी लागली. स्वप्नात ते एका खूप मोठ्या माणसाचं माप घेत होते, टेप पुरत नव्हता, आणि तो माणूस सारखा म्हणत होता, "घाई नाही, सावकाश घ्या."

नवं घरही दोन खोल्यांचंच, पहिल्या मजल्यावर. आतली खोली, बाहेरची खोली, मधोमध दार. खाली घरमालकीण राहायची, एकटी, जाडजूड, पांढऱ्या केसांची. ती जिन्यात भेटली की भरभर बोलायची. शब्द एक कळायचा नाही, पण बोलणं असं लयीत चालायचं की मास्तरांच्या बायकोला वाटे, कुणीतरी लांबच्या विहिरीतून पाणी ओढतंय. ती नुसती मान हलवायची आणि वर येऊन म्हणायची, "आज मी कशाला हो म्हणाले, देव जाणे."

पहिल्या सकाळी टाचणी उठली, डोळे मिटून उतरली, चार पावलं चालली आणि पिंपावर आदळली. कपाळाला टेंगूळ आलं. रडली नाही. दुसऱ्या सकाळी उठली, खाटेवर बसून राहिली. तिसऱ्या सकाळीही. डोळे मिटलेले, पाय लोंबकळते, जणू खालून एखादी गाडी यायची आहे. कुणी उचलून नेलं तर नुसती लाकडासारखी व्हायची. दिवसभर मग ती अर्धवट झोपेत असायची. जेवताना घास तोंडात तसाच राहायचा. शाळेचं नाव काढलं की म्हणायची, "मी अजून उठले नाही."

"असं पंधरा दिवस झाले," बायको एका संध्याकाळी म्हणाली. तिच्या मांडीवर बटण आडवा होता आणि ती त्याच्याकडं बघून बोलत होती. "माझा भाऊ दहा तारखेला इकडं माल टाकून परत जाणार आहे. रिकामी गाडी. पोरगी तोवर चालली तर ठीक. नाहीतर मी, पोरं आणि मशीन, त्याच्याबरोबर."

"आणि मी?"

"तुम्ही कापा साठ थर."

"अगं, लहान आहे ती, रुळेल."

"रुळेल म्हणून मी पण रोज मशीनकडं बघते. पण दोरी सोडवत नाही. मशीन मांडलं की माणूस तिथलाच झाला. माझी पोर इथली झाली नाही, मी कशी होऊ?"

एवढ्या वर्षांच्या संसारात मास्तरांना एक कळलं होतं: बायको ओरडत असेल तोवर काम सोपं. ती हळू बोलायला लागली की मामला पक्का.

कारखान्यातलं टेबल चाळीस फूट लांब होतं. त्यावर कापडाचे साठ थर अंथरायचे आणि सगळ्यांत वर एक लांबलचक खाकी कागद. त्या कागदावर बाह्या, कॉलर, पाठ, पुढा सगळे तुकडे आखलेले, एकमेकांच्या कुशीत शिरलेले. मग मास्तर हातातलं कापायचं यंत्र त्या रेषांवरून असं फिरवायचे, जणू नदीतून होडी. इथले लोक त्यांच्याशी आकड्यांत बोलायचे. आकडे मास्तर आठ दिवसांत शिकले होते, बाकी काही नाही. तेवढ्यावर निभत होतं. "बत्तीस?" "बत्तीस." "चौतीस?" "हं." माणसाला एवढंसं बोलून दिवस काढता येतो, हे त्यांना नवीनच कळलं.

घरी जाताना मात्र त्यांचे पाय फसवायचे. दिव्याच्या खांबाशी ते डावीकडं वळायचे, कारण जुन्या शहरात तिथं डावं वळण होतं. मग समोर अनोळखी भिंत दिसायची. एकदा असेच भिंतीशी उभे असताना त्यांच्या मनात आलं: पोरीची काय चूक आहे? तिला घर नेत होतं. आता घरालाच रस्ता माहीत नाही. घराला माप दिलं पाहिजे.

दुसऱ्या दिवशी सुट्टीच्या भोंग्यानंतर त्यांनी मालकाकडून उरलेल्या खाकी कागदाचं भेंडोळं मागून घेतलं, ते त्या लांब टेबलावर उलगडलं, कागदाला कागद चिकटवून रुंद केला आणि पेन्सिल कानावरून काढली. डोळे मिटले. जुनं घर समोर आलं, पण घरासारखं नाही, मापासारखं. खाटेपासून पेटी साडेचार फूट. पेटी पावणेतीन फूट. पेटीपासून चौकट दीड फूट. टाचणीचं जागेपणीचं पाऊल चौदा इंच, पण झोपेतलं नऊ. चौकटीपासून टेबल सात पावलं, म्हणजे पाच फूट तीन इंच. कधी मोजलं होतं हे सगळं? मोजलं नव्हतं. रोज बघितलं होतं.

इस्त्रीवाला घाम पुसत आला आणि कागदाच्या कडेनं चालत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला.

"मास्तर, ही कुणाची पँट?"

"पँट नाही."

"नाही, हत्तीनं ऑर्डर दिली असेल तर शिलाई आधी घ्या. नंतर हत्ती ओळख दाखवत नाही."

"घर आहे. जुनं."

इस्त्रीवाल्याचं हसू विरलं. त्यानं जरा वेळ कागदाकडं बघितलं. "ह्यात शिवणीला जागा सोडलीय का?" त्यानं हळूच विचारलं.

"सगळीकडनं अर्धा इंच," मास्तर म्हणाले.

तीन संध्याकाळींत घर आखून झालं. मग रेषांवरून त्यांनी दातेरी चाक फिरवलं, शिंपी फिरवतात ते, म्हणजे कागदाला बारीक भोकं पडतात आणि खालच्या बाजूनंही रेघ दिसते. रविवारी, आठ तारखेला, ते भेंडोळं खांद्यावर घेऊन घरी आले. फरशीवर कागद अंथरला. भोकांच्या रेघेवरून खडूनं खुणा केल्या आणि सगळं घर हलवलं. खाट ओढली, पेटी सरकवली, पिंप फिरवलं, टेबल उचललं. खालून घरमालकिणीनं काठीनं छताला दोनदा ठोकलं. मास्तरांनी वरून पायानं दोनदा ठोकलं. इतकं भाषांतर दोघांनाही जमलं.

मशीनची जागा आली तेव्हा बायको म्हणाली, "ठेवा हवं तिथं. दोरी सोडू नका."

गोणपाटातलं मशीन खिडकीशी उभं राहिलं, डोक्यावरून पांघरूण घेऊन बसलेल्या म्हातारीसारखं. मास्तरांनी पोतं उघडलं, टेबलाखाली जाड कापड टाकलं, वर मलमल पसरली. मग दारात उभं राहून बघितलं. इंचाचाही फरक नव्हता.

सोमवारी उजेड आला. टाचणी उठून बसली. मास्तर कप धरून दारात, बायको बटणला खांद्यावर घेऊन भिंतीशी. टाचणीनं पाय खाली सोडले. उतरली! उजवा हात पुढं केला.

हात हवेत गेला. तिथं भिंत नव्हती. तिनं हात आणखी लांब केला, बोटं फिरवली, हवेचं कापड चाचपून बघावं तशी. मग ती जागेवरच खाली बसली.

"बाबा," डोळे न उघडता ती म्हणाली, "भिंत कुणी नेली?"

मास्तर खडूच्या खुणा बघत राहिले. साडेचार फूट, पावणेतीन, दीड. सगळं बरोबर होतं. बायकोनं बटणला खाली ठेवलं, कोपऱ्यातला कागद उलगडला, एकदा पाहिला, मग त्याची कड धरून उलटा केला. पेन्सिलीच्या रेषा खालच्या बाजूला होत्या.

"अहो मास्तर," ती म्हणाली, "हा कागद तुम्ही पालथा टाकलात?"

"म्हणजे काय? खुणा कापडाच्या उलट्या बाजूला करायच्या असतात. कागदाचा फर्मा पालथाच टाका..." आणि ते थांबले.

पंधरा वर्षं हात एकच गोष्ट करत आले होते. सुलटी बाजू खाली, उलटी वर, खडूची खूण आतल्या अंगाला, म्हणजे घालणाऱ्याला दिसत नाही. हातांनी विचारलंच नाही की हे कापड आहे की फरशी. उजवीकडची भिंत डावीकडं गेली होती. उजवं वळण डावं झालं होतं. साऱ्या घराची आतली बाजू बाहेर आली होती.

"कापडाच्या उलट्या बाजूला!" बायको म्हणाली. "घराच्या नाही हो!" आणि तिला हसू फुटलं. ती पेटीवर बसली, पदर तोंडावर धरला, तरी हसू थांबेना. या शहरात आल्यापासून ती पहिल्यांदा हसत होती. "सगळं घर उलटं कापलंत! आता ह्याला गळा कुठनं काढायचा?"

आई हसतेय म्हणून टाचणीनं डोळे उघडले. "काय झालं?"

बायकोनं तिला जवळ ओढलं, तिचा फ्रॉक काढला, उलटा केला आणि परत डोक्यातून घातला. शिवणी बाहेर, दोरे लोंबते. "खिसा कुठं होता?"

"इकडं." तिनं उजवी बाजू दाखवली.

"आणि आता?"

टाचणीनं डावीकडं चाचपलं. तिथं खिशाची पिशवी बाहेर लटकत होती. तिनं ती मुठीत धरली. बराच वेळ ती एकदा खिशाकडं आणि एकदा भिंतीकडं बघत राहिली.

"आज रजा टाकतो," मास्तर पडलेल्या आवाजात म्हणाले. पंधरा वर्षांत त्यांनी एक तुकडा चुकवला नव्हता, आणि चुकवलं ते हे. "सगळं परत फिरवतो."

बायकोचं हसू हळूहळू ओसरलं. तिनं डोळे पुसले. "राहू द्या. उद्या दहा तारीख. भाऊ येईल. जे गाडीतच चढायचंय ते दोनदा कशाला हलवता?"

ती हळू बोलत होती.

रात्री टाचणीनं फ्रॉक बदलू दिला नाही. उलटाच घालून झोपली.

मंगळवारी उजेड यायच्या आधीच बायको तयार होऊन बाहेरच्या खोलीत स्टुलावर बसली होती, बांधलेल्या मशीनशेजारी. पायाशी पोरांच्या कपड्यांची पिशवी. ती रस्त्याकडं बघत होती. समोरच्या दुकानांची शटरं अजून मिटलेली होती आणि त्यांच्यावरची अक्षरं धुक्यात अशी तरंगत होती की तिला वाटलं, अजून पाच मिनिटं बघत राहिलं तर वाचता येतील.

आत खाट वाजली.

मास्तर टेबलाशी उभे होते. ते हलले नाहीत. टाचणी उतरली, डोळे मिटलेले. उजवा हात थोडा वर आला, थांबला, आणि खाली गेला. मग डावा हात वर आला. भिंत सापडली. ती चालू लागली, नऊ-नऊ इंचांनी. पेटीशी आली, बोटांना गार कुलूप लागलं, आणि तिच्या चेहऱ्यावर काहीतरी पसरलं, पाण्यावर तेल पसरतं तसं. दीड फूट आणखी. चौकट.

तिथं ती थांबली. डावा हात चौकटीवर, उलट्या फ्रॉकचे दोरे लोंबत. डोकं एका बाजूला कललेलं, कान दिल्यासारखं. क्षण गेला, दोन गेले. मास्तरांच्या लक्षात आलं की आपण इंच इंच मोजलं आणि एक गोष्ट मोजायचीच राहिली.

"आई," टाचणी झोपेतच म्हणाली, "शिव ना."

बायको उठली. तिनं सुंभाच्या गाठीत नखं घातली. गाठ हलेना, तिनंच बांधली होती. मागं वळून तिनं टेबलावरची कात्री उचलली, काळ्या दांड्याची, हातभर लांब. मास्तरांचं तोंड उघडलं. बायकोनं त्यांच्याकडं बघितलं. मास्तरांनी तोंड मिटलं.

कर्रकन् दोरी तुटली. मग दुसरी. गोणपाट गळून खाली पडलं. ती बसली, पाय पट्टीवर ठेवला, चाकाला हात दिला. मशीन आधी कुरकुरलं, महिनाभर न बोललेल्या माणसासारखं, मग एकदम आठवल्यासारखं सुरू झालं. दोरा नव्हता, कापड नव्हतं, नुसती सुई वरखाली. खट-खट-खट.

टाचणी डावीकडं वळली. एक, दोन, तीन. मास्तर ओठातल्या ओठात मोजत होते. सात. ती वाकली, टेबलाखाली शिरली, मलमलीत तोंड खुपसलं, आणि पाय हळूहळू आत ओढून घेतले, शेवटी एक टाच तेवढी बाहेर राहिली.

बायकोनं पाय थांबवला नाही. एका हातानं चाक सांभाळत तिनं दुसऱ्या हातानं पिशवी चाचपली, आणि बटणचं सुटलेल्या शिवणीचं झबलं वर काढलं.

खाली गाडी वाजली. मेव्हणा जिना चढून आला आणि दारातच थबकला. "ताई? बांधायचं ना मशीन? आणि हे टेबल इकडं कधी गेलं? सगळं उलटंच दिसतंय."

"हळू बोल. पोरगी झोपलीय." ती सुईत दोरा ओवत होती. "दोर बघ कसा तुटलाय. आता कशानं बांधणार?"

मेव्हण्यानं तुटलेल्या दोरीकडं बघितलं, टेबलाखालच्या टाचेकडं बघितलं, मग दाजींकडं. "म्हणजे मी एवढ्या लांबून आलो तो रिकामाच जाऊ?"

"रिकामा कशाला?" बायको म्हणाली. "ते गोणपाट ने. गाडीत कामाला येईल."

तो चहा पिऊन, बटणला दोनदा उडवून, गोणपाटाची घडी काखेत मारून गेला. मास्तरांनी कात्री उचलली. एका चिंधीवर चालवून पाहिली. मधोमध, दोरी तुटली होती तिथं, कापड अडकलं. त्यांनी पातं डोळ्याजवळ धरलं, अंगठा फिरवला, पुन्हा चालवली. पुन्हा अडकलं.

"हिला धार लावायला हवी," ते म्हणाले. "इथं धारवाला कुठं बसतो, कुणाला ठाऊक."

मशीन थांबलं. बायको उठली, पदर खोचला, कात्री त्यांच्या हातातून घेतली.

"खालच्या बाईंना विचारून येते," ती म्हणाली, आणि पाती एकमेकांवर घासून, बोटांनी धारेची खूण करायचा सराव करत जिना उतरू लागली.